दहा हजार पावलांचा खेळ: आकडा आला कुठून, आणि तो आपल्याला चालवतो कसा

रात्री पावणेबाराला आमच्या छतावर पावलं वाजायला लागली की समजायचं, वरच्या काकांचा आकडा अजून पाच अंकी झालेला नाही. सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत अकरा पावलं, हा हिशेब त्यांनीच एकदा लिफ्टमध्ये सांगितला होता. बाराच्या ठोक्याला आवाज बंद, कारण पावलं मोजणारं त्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

हा दहा हजारांचा आकडा मुळात कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेला नाही. ते एका वस्तूचं नाव होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं: ‘मान्पो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं. गोल आकडा, पटकन तोंडात बसणारा. शास्त्राने त्याची नीट झडती घेतली ती बरीच उशिरा. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६ हजारांहून अधिक वयस्कर महिलांची पावलं मोजली. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायद्याची चढण संपली. म्हणजे काकांचं काम बहुधा संध्याकाळीच उरकलेलं असतं.

पॉइंट्सही मोबाइलची देणगी नव्हेत. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ च्या ‘एरोबिक्स’ या पुस्तकात चक्क तक्ते दिले: इतकं अंतर इतक्या मिनिटांत पळालात की इतके गुण, आणि आठवड्याचं लक्ष्य ३० गुण. कागदावर पेन्सिलने चालणारा हा खेळच होता.

खरी गंमत सुरू झाली ती आकड्यामागे कुणीतरी जिवंत उभं केल्यावर. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेन्डोने १९९८ मध्ये खिशात मावणारा पिकाचू काढला. वीस पावलं चाललात की एक ‘वॉट’ जमा, आणि ते वॉट पिकाचूला भेट दिले की स्वारी खूश. यंत्र नुसतं हातात धरून हलवलं तरी पावलं वाढायची. म्हणजे फसवाफसवीही त्याच दिवशी जन्मली. पुढे याच कंपनीच्या ‘वी’ या अंग हलवून खेळायच्या गेम-यंत्राची मोहिनी पडलेल्या जेम्स पार्क यांनी एरिक फ्रीडमन यांच्यासोबत फिटबिट ही पावलं मोजणाऱ्या यंत्रांची कंपनी काढली. २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या यंत्राच्या पडद्यावर एक फूल असे. चाललात की देठ वाढायचा, बसून राहिलात की खुंटायचा. मला हे फूल नंतरच्या सगळ्या बॅजपेक्षा सरस वाटतं. बॅज मिळाला की विषय संपतो; फुलाला उद्याही पाणी घालावं लागतं.

२०१० नंतर ‘गेमिफिकेशन’, म्हणजे कुठल्याही कामाचा खेळ करणं, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला आणि जो तो बॅज वाटू लागला. धावपटू आणि सायकलवाल्यांच्या स्ट्राव्हा ॲपने रस्त्याच्या तुकड्या-तुकड्यावर ‘राजा’ नेमले. ‘झॉम्बीज, रन!’ या ॲपने कानात भुतं सोडून माणसांना पळवलं. २०१५ मध्ये ॲपलच्या घड्याळावर हालचालीगणिक भरत जाणारी तीन कडी आली. कडं अपुरं राहिलं की डोळ्याला खुपतं, एवढंच त्यामागचं मानसशास्त्र.

पण लोकांना चालायला लावणं आणि चालतं ठेवणं यात किती अंतर आहे, हे २०१६ ने दाखवलं. पोकेमॉन गो हा बाहेर फिरत खेळायचा मोबाइल गेम आला आणि घरकोंबडी पोरं बागांमध्ये दिसू लागली. अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा अभ्यास त्याच डिसेंबरमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं जास्त, आणि सहाव्या आठवड्यात आकडा पूर्वपदावर. नव्याची नवलाई नऊ दिवसांऐवजी पाच आठवडे टिकली, इतकंच.

म्हणून २०१९ च्या आणखी एका अमेरिकी प्रयोगाची रचना बघण्यासारखी आहे. एका मोठ्या सल्लागार कंपनीतल्या जास्त वजनाच्या सहाशेवर कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना दर सोमवारी ७० गुण आधीच देऊन टाकले जात. ज्या दिवशी लक्ष्य हुकलं त्या दिवशी दहा कापले जात. कमवायचं काही नाही, राखायचं मात्र सगळं. दहा रुपये सापडल्याच्या आनंदापेक्षा दहा रुपये हरवल्याचं दुःख मोठं असतं, हे भाजीबाजारात जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे; इथे ते खेळाच्या नियमात बसवलं होतं. लोकांचे गट केले होते. काहींना घरच्यांचा किंवा मित्रांचा पाठिंबा, काहींना एकत्र लक्ष्य, काहींमध्ये सरळ चुरस. पावलं तिन्ही गटांत वाढली, पण खेळ थांबल्यानंतरच्या तीन महिन्यांत वाढ ठळकपणे टिकली ती चुरशीच्या गटात. प्रेमापेक्षा शेजाऱ्याचा आकडा जास्त चालवतो, हे वाचून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आपल्याकडे त्याच वर्षी मुंबईत ‘स्टेपसेटगो’ सुरू झालं: पावलांची नाणी, नाण्यांच्या बदल्यात वस्तू आणि सवलती. मराठी घरात ‘फुकट चालतोयस, त्यापेक्षा काहीतरी मिळव’ हा युक्तिवाद न पटणं अवघडच. मात्र पैशासाठी चालणारा माणूस पैसे थांबले की थांबतो, ही या जातीच्या ॲप्सची जुनी दुखरी नस आहे.

गमावण्याच्या भीतीवर उभ्या असलेल्या खेळाची दुसरी बाजू म्हणजे ताप आला तरी लक्ष्य गाठलेल्या सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून चालणारी माणसं. डिझायनरांना हे कळायला वेळ लागला. ॲपलच्या घड्याळात कडी काही दिवस थांबवून ठेवायची आणि तरीही साखळी शाबूत राखायची सोय आली ती २०२४ मध्ये, घड्याळ बाजारात आल्यानंतर नऊ वर्षांनी.

काकांच्या स्वस्तातल्या घड्याळात तशी सोय नाही. मागच्या महिन्यात त्यांचा गुडघा सुजला तेव्हा छत चार रात्री शांत होतं. साखळी मात्र तुटली नाही. ते चार दिवस घड्याळ नातवाच्या मनगटावर बसून रोज बॅडमिंटन खेळून येत होतं.