सेरेंगेटीचे कळप आणि बुळकांडी

ऑगस्ट-सप्टेंबरात पूर्व आफ्रिकेतल्या मारा नदीच्या काठावर जीपा दाटीवाटीने उभ्या असतात. पलीकडे विल्डबीस्टचा (बैलासारख्या दिसणाऱ्या थोराड कुरंगांचा) कळप तासन् तास घुटमळतो, मग एक जण उडी घेतो आणि मागोमाग सगळा लोंढा पाण्यात. हल्ली त्या जीपांमधून मराठीही कानावर येतं. हे युगानुयुगं असंच चाललंय, असं वाटतं खरं. चाऱ्यासाठीचं हे स्थलांतर जुनंच आहे, पण कळपांचा आजचा आकार १९६० नंतरचा. त्यामागे आहे गुरांचा एक रोग: बुळकांडी.

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. १८८७च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती इरिट्रियात उतरली. ती गुरं भारतातून गेली असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. चार-पाच वर्षांत रोग दक्षिणेकडे मसाई या गुराखी जमातीच्या कुरणांत पोचला. दुधापासून लग्नातल्या देण्याघेण्यापर्यंत ज्यांचं सगळं गुरांवर, त्यांची बहुतेक गुरं मेली. पाठोपाठ उपासमार आणि देवीची साथ. विल्डबीस्ट, रानरेडेही पटापट गेले. ओस माळावर झुडपं माजली, निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी पसरली. पुढे बंदुका घेऊन आलेल्या साहेबांना हेच रान अनादी वाटलं. (‘सफारी’ म्हणजे स्वाहिलीत नुसता प्रवास, मूळ अरबी, आपल्या ‘सफर’चंच. ‘बिग फाइव्ह’ ही मात्र शिकाऱ्यांची यादी: पायी गाठून मारायला सर्वांत धोक्याचे पाच. म्हणून तीत रानरेडा आहे, जिराफ नाही.)

१९५१ साली आजच्या टांझानियात सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ मध्ये मसाईंना तिथून उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोकडे धाडलं.

आणि त्याच सुमारास आसपासच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली जात होती. विल्डबीस्टला कुणी सुई लावली नाही. पण गुरांतला रोग हटला तसा १९६३च्या सुमारास त्यांच्यातूनही गेला. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरली की वर्षाच्या आतबाहेरची वासरं मरायची, ती आता तगू लागली. पुढे कोरड्या महिन्यांतल्या पावसानेही हात दिला. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाअखेर १३ लाखांच्या आसपास गेले.

एवढी तोंडं चरायला लागल्यावर गवत उरेना, वणवे घटले, बाभळीची रोपं वाचली. तिथल्या बाभळींची वयं तपासली तेव्हा दोन मोठ्या पिढ्या निघाल्या: एक १८९०च्या दशकातली, म्हणजे बुळकांडीने माळ ओस पडला तेव्हाची, दुसरी १९७०नंतरची. जीपवाला सावलीला थांबून जेवणाचे डबे काढतो, ते झाड बहुधा यांपैकीच एखादं.