राजीनामा देण्याआधी नेमणुकीचा करार तपासून घ्या
(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर)

नोकरीच्या करारात बदल करून घ्यायची संधी फार थोडे दिवस असते. ऑफर लेटर हातात पडल्यापासून तुम्ही सही करेपर्यंत, आणि जुन्या ठिकाणी राजीनामा देईपर्यंत. राजीनामा मंजूर झाला की नवीन कंपनीला कळते की आता तुम्हाला परत जायला जागा नाही. त्यानंतर आम्ही कलमांचा अर्थ सांगू शकतो, पण ती बदलून मिळणे अवघड होते. म्हणून ऑफर आली की एचआरकडे चार-पाच दिवसांची मुदत लेखी मागा. मोबाईलवर आलेली सहीची लिंक उघडून ओटीपी टाकू नका; कागदावर पेन टेकवला नाही तरी ती सहीच असते.

येताना काय आणायचे

ऑफर लेटर, नेमणूकपत्राचा मसुदा, पगाराच्या तपशिलाचे जोडपत्र, गोपनीयतेचा करार, बाँड (ठरावीक काळ नोकरी करीन, नाहीतर पैसे भरीन अशी लेखी हमी) असल्यास तो, आणि 'कंपनीच्या धोरणानुसार' असे जिथे जिथे लिहिले असेल ती धोरणे. ही शेवटची बहुतेकांकडे नसतात आणि खरी मेख तिथेच असते, तेव्हा ती मागून घ्या. जुन्या कंपनीचे नेमणूकपत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्याही लागतात, कारण जुनी नोटीस किती आणि तिकडून काय बंधन आहे हे पाहावे लागते. एचआरने व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली आश्वासने पुसू नका. करारात 'यापूर्वीची सर्व बोलणी रद्द समजावीत' असे कलम जवळपास नेहमीच असते. त्यामुळे आश्वासन करारात उतरवून घेतले नाही तर पुढे त्याचा उपयोग फारसा होत नाही.

सहा लाखांचे पॅकेज, हातात किती?

वर्षाला 6,00,000 सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिना पन्नास हजार, असा हिशेब घरी मांडला जातो. एक उदाहरण पाहू. मूळ पगार महिना 25,000. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) 12 टक्के हिस्सा वर्षाला 36,000. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या रकमेची) तरतूद सुमारे 14,400. कामगिरीवर मिळणारा भाग 60,000. हे तिन्ही सीटीसीत धरलेले असतात, पण दरमहा मिळत नाहीत. उरले 4,89,600, म्हणजे महिना 40,800. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की 37,600. गटविम्याचा हप्ताही सीटीसीत घातला असेल तर आणखी कमी.

इथे विचारायचे प्रश्न दोन. पहिला, पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापणार की 15,000 च्या मर्यादेवर? दुसरा, कामगिरीचा भाग कोण ठरवणार, कधी देणार, आणि देय तारखेआधी नोकरी सोडली तर त्या महिन्यांचा हिस्सा मिळणार का? 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार' असे शब्द असतील तर ते 60,000 घराच्या हप्त्याच्या गणितात धरू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांऐवजी एक वर्ष पुरते. नोकरी सुटल्यावर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. तरीही '45 दिवसांत हिशेब' असे जुनेच वाक्य अनेक मसुद्यांत तसेच असते. ते आम्ही खूण करून देतो.

बाँड: दोन्ही बाजूंचे गैरसमज

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागणाऱ्या डिप्लोमा-इंजिनिअर मुलांपुढे बाँड हमखास येतो. 'बाँड काय कोर्टात टिकत नाही, कर सही' हा सल्ला कट्ट्यावर फुकट मिळतो आणि तो चुकीचा आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये हा बाँड वैध ठरवला. स्टँप पेपरवर नाही म्हणून बाँड रद्द, हेही खरे नाही. कमी पडलेले मुद्रांक शुल्क दंडासह भरून तो पुराव्यात आणता येतो.

कंपनीचाही समज चुकीचा असतो. लिहिलेली रक्कम आपोआप वसूल होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार ती कमाल मर्यादा आहे. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. म्हणून मागणी अशी करावी: रक्कम दर महिन्याला कमी होत जावी. उदाहरणार्थ 24 महिन्यांसाठी 1,20,000 असेल, तर पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला 5,000 वजा. कंपनीने स्वतः काढल्यास बाँड लागू नसावा. प्रशिक्षण कोणते, कुठे, किती दिवसांचे, हे लिहिलेले असावे.

कोरा सही केलेला धनादेश देऊ नका. न वटल्यास फौजदारी तक्रारीपर्यंत प्रकरण जाऊ शकते. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र ठेवून घेऊ देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. वडिलांची सही 'नुसती साक्षीदार म्हणून' मागितली असेल तर वरचा शब्द वाचा. तिथे जामीनदार लिहिले असेल तर करारात वेगळे काही ठरले नसल्यास त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच असते.

नोटीस आणि स्पर्धेची बंदी

तुम्ही 90 दिवस आणि कंपनी 30, असा तिरपा हिशेब दिसला तर दोन्हीकडे सारखी मुदत मागा. ते जमत नसेल तर पैसे भरून लवकर सुटण्याचा हक्क तरी घ्या, आणि ती रक्कम मूळ पगारावर मोजायची की एकूण पगारावर, हे लिहून घ्या. परिविक्षेचे (प्रोबेशनचे) सहा महिने उलटले म्हणून कायम झालो असे धरू नका. कायम करण्याचे पत्र किती दिवसांत द्यायचे, हेही कलमात असावे.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचे नाही, ही अट करार कायद्याच्या कलम 27 खाली साधारणपणे टिकत नाही. नोकरी चालू असतानाची बंदी मात्र टिकते, आणि ड्रॉइंग, पॅटर्न, ग्राहकांचे दर यांची गोपनीयता नंतरही पाळावी लागते. टिकत नसली तरी अट काढून घेण्याचा प्रयत्न करावा, कारण जुन्या कंपनीची कायदेशीर नोटीस गेली की नवी कंपनी बिचकते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सुटते. 'अन्य कोणताही व्यवसाय करणार नाही' या ओळीत शेती, गोठा, उद्यमनगरातल्या वडिलांच्या वर्कशॉपमधला हिस्सा हे सगळे ओढता येते. सही करण्यापूर्वीच ते जाहीर करून अपवाद लिहून घ्या.

वाद झाला तर कुठे?

'केवळ बंगळुरू येथील न्यायालयात' असे कलम पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2025 च्या निकालानुसार, त्या न्यायालयाला मुळात अधिकार असेल तर नोकरीच्या करारातही ते वैध आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसत असले, तरी त्यामुळे हे कलम निष्प्रभ होत नाही. कामगार कायद्याचे संरक्षण मिळते का, हे मात्र पदाच्या नावावर ठरत नाही. कार्डावर 'सुपरवायझर' छापले तरी प्रत्यक्ष काम काय, ते पाहिले जाते.

आम्ही काय करतो

सगळे कागद वाचून एका पानाचे टिपण देतो: काय नाकारावे, काय मागावे, काय सोडून द्यावे. नंतर एचआरला पाठवायचा ईमेल लिहून देतो, पण तो तुमच्या नावाने आणि तुमच्याच पत्त्यावरून जातो. वकिलाचे पत्र गेले की मामला कंपनीच्या विधी विभागाकडे सरकतो आणि ऑफर अडकते. मागण्या तीन-चारच ठेवतो. बारा मुद्दे पाठवले की बहुधा सरसकट नकार येतो. 'ती फक्त फॉर्मॅलिटी आहे' असे उत्तर आले, तर 'मग काढून टाकायला हरकत नसावी' असे नम्रपणे लिहायचे. मोठ्या कंपन्या छापील मसुदा सहसा बदलत नाहीत. तिथे 'या कलमाचा अर्थ आम्ही असा समजतो' असा खुलासा मागणारा ईमेल पाठवून लेखी होकार घ्यावा.

फी कागदपत्रे पाहून आधी सांगतो. वाढवून मिळालेल्या पगारातला टक्का घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर मदत मागता येते. त्यांनी आधी तिथे विचारावे.

सह्या झाल्यावर प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या आहेत का, हे पाहून संपूर्ण प्रत स्वतःच्या खाजगी ईमेलवर ठेवा. कंपनीचा मेल नोकरी सुटते त्याच दिवशी बंद होतो.