भिंग लावल्याने नंबर वाढत नाही

जुना फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल उघडली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "भिंग नको, डोळ्यांना सवय लागेल. नंबर वाढेल." आमच्याकडे हे आजीपासून चालत आलंय, आणि ते चूक आहे.

चाळिशी लागते ती डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होत जातं म्हणून. जवळचं बघताना ते फुगावं लागतं, ते फुगेनासं होतं. साठी-पासष्टीपर्यंत हे चालूच राहतं; चष्मा घाला, नाहीतर कागद हातभर लांब धरून बसा. चष्मा लागतो, भिंग हाती येतं ते नेमकं त्याच वर्षांत, म्हणून आळ त्यांच्यावर येतो. बारीक अक्षरं वाचून डोळे थकतात, डोकंही दुखतं, पण नजर जात नाही.

खरी अडचण उजेडाची. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यात कागद पिवळा, शाई तपकिरी. तेव्हा आधी दिवा जवळ घ्या, बाजूने, मग भिंग. (भरपूर उजेडातही धूसर दिसत असेल किंवा ओळी वाकड्या दिसत असतील, तर मात्र डॉक्टर गाठा.)

शाई फारच उडाली असेल तर मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा, काँट्रास्ट वाढवा. पणजोबांच्या जन्मसालातला शेवटचा आकडा मी दोन वर्षं १ समजत होतो. तो ९ निघाला.