नितळ, वाहते पाणी तसेच प्यावे का?

कनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी होडी) घेऊन दुर्गम नद्या-तलावांवर मुक्कामी जाणाऱ्या गटांत ‘वाहते, नितळ पाणी तसेच प्यायला हरकत नाही’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. नितळपणावरून गाळ नाही एवढेच कळते. जिआर्डिया या जुलाब घडवणाऱ्या परजीवीच्या सिस्ट (कवचबंद अवस्था) मात्र सुमारे ०.०१ मिलिमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या असतात आणि थंड पाण्यात कित्येक आठवडे तग धरतात. ‘आम्ही प्यायलो, काही झाले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात; पण लक्षणे बहुधा १ ते ३ आठवड्यांनी, म्हणजे अनेकदा सहल संपल्यावर दिसत असल्याने त्यांचा संबंध त्या पाण्याशी जोडलाच जात नाही. पाणी १ मिनिट (२,००० मीटरहून उंचावर ३ मिनिटे) खळखळून उकळावे. गाळणी वापरणार असाल, तर तिच्या वेष्टनावर ‘ॲब्सोल्यूट १ मायक्रॉन’ (म्हणजे एकही छिद्र ०.००१ मिलिमीटरहून मोठे नाही) किंवा त्याहून बारीक छिद्रांचा उल्लेख आहे का, हे तपासावे. विषाणूंसाठी मात्र उकळणेच अधिक खात्रीचे.