पार्श्वभूमी : आरमध्ये डेटा हाताळण्याच्या पद्धती कुठून आल्या

मुंबई महापालिकेच्या वॉर्डवार आकड्यांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेला साधा तक्ता) ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत उघडली, तर वॉर्डचा कॉलम नीट येतो : ए, बी, एफ/एन, के/डब्ल्यू, टी. पण त्यातल्या फक्त मुलुंडच्या, म्हणजे टी वॉर्डच्या, ओळी कुणी वेगळ्या फाइलीत काढून पाठवल्या, की ‘टी’ गायब होतो आणि कॉलमभर ‘ट्रू’ दिसतं. रीड.सीएसव्ही हे फंक्शन प्रत्येक कॉलम वाचून त्याचा प्रकार स्वतःच ठरवतं. कॉलममध्ये टी आणि एफ यांखेरीज काहीच नसेल, तर तो होय-नाहीचा कॉलम आहे असं ते धरतं. पुढे हीच फाइल मूळ यादीला मर्ज या फंक्शनने जोडायला गेलं, तर ‘ट्रू’ आणि ‘टी’ जुळत नाहीत. उत्तर येतं शून्य ओळी, तेही कसलाही इशारा न देता. वाचतानाच रीड.सीएसव्हीच्या कॉलक्लासेस या पर्यायात त्या कॉलमचा प्रकार ‘कॅरॅक्टर’ असा लिहून दिला, की प्रश्न उरत नाही.

आरमध्ये रोज अडवणाऱ्या बहुतेक गोष्टी अशाच आहेत. प्रत्येकीमागे एक काळ आणि त्या काळी योग्य वाटलेला एक निर्णय आहे. तो माहीत असला, की डेटा नेमका कुठे बिघडेल याचा अंदाज आधीच येतो.

सुरुवात १९७६ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. तिथे संख्याशास्त्राची कामं फोरट्रान या जुन्या भाषेत लिहिलेल्या रूटीनच्या, म्हणजे छोट्या तयार प्रोग्रॅमांच्या, संग्रहावर चालत. साध्या आलेखासाठीसुद्धा प्रोग्रॅम लिहावा लागे. जॉन चेंबर्स, रिक बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या संग्रहाला समोर बसून वापरता येईल अशी भाषा जोडली, ती ‘एस’. टर्मिनलवर एक ओळ टाइप करायची, उत्तर बघायचं, मग पुढची ओळ. ‘ट्रू’ऐवजी नुसतं ‘टी’ लिहिण्याची सोय आरकडे एसमधूनच आली.

नावांतल्या टिंबांचं कोडंही याच काळातलं आहे. रीड.सीएसव्ही, डेटा.फ्रेम, अ‍ॅज.डेट अशी नावं पाहून दुसऱ्या भाषांतून आलेले लोक गोंधळतात, कारण तिकडे टिंबाला वेगळा अर्थ असतो. एसमध्ये अंडरस्कोअर हे किंमत देण्याचं चिन्ह होतं. १९६३च्या आस्की संचात (संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) त्या जागी डावीकडे वळलेला बाण होता आणि जुन्या टर्मिनलांवर ती की बाणच छापायची. म्हणजे अंडरस्कोअर नावात वापरायची सोयच नव्हती. शब्द वेगळे दाखवायला टिंब उरलं. आरने अंडरस्कोअरचा हा जुना अर्थ २००३-०४च्या सुमारास काढून टाकला आणि त्यानंतर तो नावांत चालू लागला. त्यामुळे एखाद्या फंक्शनच्या नावात टिंब आहे की अंडरस्कोअर, यावरून ते कोणत्या काळातलं असावं हे बऱ्याचदा ओळखता येतं.

१९९२ साली एसमध्ये तीन गोष्टी आल्या, ज्यांच्यावर आजही सगळं उभं आहे : डेटा.फ्रेम, फॅक्टर आणि फॉर्म्युला. डेटा.फ्रेम म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पण सारख्या लांबीच्या कॉलमांचा तक्ता. फॅक्टर म्हणजे गटांची नावं आतमध्ये १, २, ३ अशा क्रमांकांनी साठवणारा कॉलम. फॉर्म्युला म्हणजे कोणता कॉलम कोणत्या कॉलमांवर अवलंबून आहे हे मॉडेलला सांगण्याची पद्धत. त्या वेळी समोर प्रयोगांचा डेटा होता. त्यातला शब्दांचा कॉलम जवळपास नेहमी कुठल्यातरी गटाचा असे आणि मॉडेलला तो फॅक्टर म्हणूनच हवा असे. म्हणून फाइल वाचताना शब्दांचा प्रत्येक कॉलम आपोआप फॅक्टर होऊ लागला.

या सवयीने पुढे फार नुकसान केलं. पावसाच्या फाइलीत चार दिवसांच्या नोंदी आहेत असं समजा : ८, १२, ९४४ आणि नगण्य पावसाच्या दिवशी आकड्याऐवजी ‘ट्रेस’ हा शब्द. त्या एका शब्दामुळे सगळा कॉलम शब्दांचा ठरतो आणि फॅक्टर होतो. फॅक्टरचे गट अक्षरांच्या क्रमाने लागतात : आधी १२, मग ८, मग ९४४, शेवटी ‘ट्रेस’. आता अ‍ॅज.न्यूमेरिक हे आकड्यांत बदलणारं फंक्शन लावलं तर आतले क्रमांक बाहेर येतात : २, १, ३, ४. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी नोंदलेला ९४४ मिलिमीटर पाऊस ३ होतो, आणि ‘ट्रेस’चा ४! एरर येत नाही, सरासरी निघते, आलेखही निघतो. खबरदारी म्हणून आधी अ‍ॅज.कॅरॅक्टर आणि मगच अ‍ॅज.न्यूमेरिक लावायचं, ‘ट्रेस’च्या जागी एनए, म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण, येईल आणि तसा इशाराही दिसेल. शब्दांना आपोआप फॅक्टर करण्याची ही सवय आर ४.०.० मध्ये, म्हणजे एप्रिल २०२० मध्ये बंद झाली. त्याआधी लिहिलेला कोड नव्या आवृत्तीवर वेगळं उत्तर देऊ शकतो. ऑफिसात जुनी स्क्रिप्ट हाती आली तर पहिल्यांदा हेच तपासावं.

खुद्द आरचा जन्म न्यूझीलंडमधला. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी एससारखी भाषा लिहिली. ती १९९३ मध्ये लोकांसमोर आली आणि १९९५ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोफत झाली. १९९७ मध्ये क्रॅन हे पॅकेजांचं, म्हणजे आरला जोडता येणाऱ्या फंक्शनसंचांचं, भांडार सुरू झालं, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी १.०.० ही आवृत्ती आली. मुंबईतल्या कॉलेजांच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट परवान्याची आहे : सॉफ्टवेअरसाठी पैसे न मोजता विद्यार्थी ते स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ शकतो. पवईला आयआयटी मुंबईत चालणारा फॉसी प्रकल्प मोफत सॉफ्टवेअरच्या प्रसाराचं काम करतो, त्यात आरही आहे.

आर आपलं झालं तरी त्याच्या काही समजुती परक्याच राहिल्या. आपण तारीख २६/०७/२००५ अशी लिहितो. अ‍ॅज.डेटला फॉरमॅट सांगितला नाही, तर ते आधी वर्ष-महिना-दिवस असा क्रम धरतं : वर्ष २६, महिना ७, आणि दिवस म्हणून २००५ मधले पहिले दोन अंक, म्हणजे २०. मुंबई बुडाली तो दिवस इसवी सन २६ मधला २० जुलै होऊन बसतो, आणि इथेही इशारा नाही. फॉरमॅट लिहून द्यायचा, किंवा ल्युब्रिडेट पॅकेजचं डीएमवाय हे फंक्शन वापरायचं. दिवस-महिना-वर्ष हा क्रम त्याच्या नावातच आहे. स्वल्पविरामांचंही तेच. २०११च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ अशी छापलेली असेल, तर अ‍ॅज.न्यूमेरिक तिचं एनए करतं. जीसब या मजकूर बदलणाऱ्या फंक्शनने आधी स्वल्पविराम काढावे लागतात.

रोजच्या कामात लोक सर्वाधिक अडखळतात ते तक्ता आडवा-उभा करताना, म्हणजे कॉलमांच्या ओळी किंवा ओळींचे कॉलम करताना. या कामाची तीन पिढ्यांची नावं आजही सोबत नांदतात. मूळ आरमधलं रीशेप हे फंक्शन एकाच व्यक्तीची वेळोवेळी केलेली मोजमापं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं गेलं, म्हणून त्यात ‘आयडीव्हार’ आणि ‘टाइमव्हार’ असे शब्द आहेत. हॅडली विकहॅम यांनी २००५ मध्ये त्याच नावाचं पॅकेज आणलं, त्यात मेल्ट आणि कास्ट होते. २०१४ मध्ये टायडीआर या पॅकेजमध्ये गॅदर आणि स्प्रेड आले. यातलं कोणतं काय करतं हे लोकांच्या लक्षात राहीना, म्हणून २०१९ मध्ये पिव्हट_लाँगर आणि पिव्हट_वाइडर आले. आता नव्याने शिकणाऱ्याने या शेवटच्या जोडीपासूनच सुरुवात करावी.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं उदाहरण घेऊ. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती आहेत. स्त्रियांच्या फाइलीत प्रत्येकीची एक ओळ असते आणि तिच्या अपत्यांची माहिती आडवी पसरलेली असते. प्रत्येक प्रश्नाचे २० कॉलम, बी३_०१ पासून बी३_२० पर्यंत. अपत्यागणिक एक ओळ हवी तर पिव्हट_लाँगर लागतं. पण तसंच चालवलं तर १,४४,८२,३०० ओळी होतात, त्यातल्या बहुतेक रिकाम्या. दर आकड्याला ८ बाइट धरले तर एका कॉलमलाच सुमारे ११६ एमबी मेमरी लागते. म्हणून आधी हवे तेवढेच कॉलम घ्यायचे आणि उभं करताना व्हॅल्यूज_ड्रॉप_एनए हा पर्याय ट्रू ठेवायचा, म्हणजे रिकाम्या ओळी गळतात. बी३ मधली जन्मतारीख जानेवारी १९०० पासून मोजलेल्या महिन्यांत असते. जुलै २००५ म्हणजे १२६७. आणि व्ही००५ हे वेटेज (प्रत्येक मुलाखतीला हिशेबात किती वजन द्यायचं तो आकडा) दहा लाखांनी भागल्याशिवाय वापरायचं नाही.

मेमरीची ही अडचण आरच्या स्वभावातूनच येते : सगळा डेटा रॅममध्ये, आणि बदल करताना बऱ्याचदा त्याची प्रत निघते. २००६ मध्ये मॅट डाउल यांचं डेटा.टेबल हे पॅकेज क्रॅनवर आलं ते यावर उतारा म्हणून. त्यातलं := हे चिन्ह प्रत न काढता जागच्या जागी बदल करतं. वेग मोठा मिळतो, पण तक्त्याला दुसरं नाव दिलं म्हणजे दुसरा तक्ता झाला असं इथे होत नाही. एकात बदल केला की दोन्ही बदलतात. वेगळी प्रत हवी असेल तर कॉपी लिहावंच लागतं.

जानेवारी २०१४ मध्ये डीप्लायर हे पॅकेज आलं, त्यातली मुख्य फंक्शनं अशी : फिल्टर, सिलेक्ट, म्यूटेट, ग्रुप_बाय, समराइज. पायऱ्या एकापुढे एक जोडायला सुरुवातीला त्यात %.% असं चिन्ह होतं. काही महिन्यांतच स्टीफन मिल्टन बाक यांच्या मॅग्रिटर पॅकेजमधलं %>% त्याच्या जागी आलं. मूळ आरने स्वतःचा पाइप, म्हणजे पायऱ्या जोडणारं चिन्ह, |> मे २०२१ मध्ये, ४.१.० पासून दिला. जोडणीच्या बाबतीत डीप्लायर जास्त सावध आहे. मुलुंडच्या फाइलीत मर्ज गप्प बसतं, तिथे डीप्लायरचं लेफ्ट_जॉइन प्रकार जुळत नाहीत म्हणून थांबतं. दोन्ही याद्यांत एकच वॉर्ड अनेकदा आला तर ओळी गुणाकाराने वाढतात, त्याचा इशारा २०२३च्या १.१ आवृत्तीपासून मिळतो. तरीही जोडणीआधी आणि नंतर एनरो या फंक्शनने ओळी मोजणं हीच खरी तपासणी.

मराठी नावांच्या याद्या करणाऱ्यांना मात्र सर्वांत जास्त वाट पाहावी लागली. विंडोजवर एप्रिल २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपर्यंत आर मुळातून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) वापरत नव्हतं. ‘क’च्या जागी <यू+०९१५> असं छापून यायचं आणि ‘कुर्ला’ हे नाव वाचायचं तर कोड उलगडत बसावं लागे. आता अक्षरं नीट दिसतात, पण दिसायला सारखी अक्षरं आतून सारखी असतीलच असं नाही. ‘कऱ्हाड’ मधला ‘ऱ’ एकाच कोडने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन कोडनेही. गावांच्या दोन याद्या दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप झालेल्या असतील, तर पडद्यावर हुबेहूब दिसणारं कऱ्हाड जोडणीत सापडत नाही. त्यासाठी स्ट्रिंगी पॅकेजचं स्ट्री_ट्रान्स_एनएफसी, जे अशी अक्षरं एकाच रूपात आणतं, दोन्ही कॉलमांवर चालवायचं, ट्रिमडब्ल्यूएसने कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या आणि मगच जोडणी करायची.