पावसाळ्याआधी विंग आवरताना

मे संपत आला की गोव्यातल्या हरमल-केरीच्या कड्यावरची पॅराग्लायडिंगची गर्दी ओसरते आणि विंग्ज, म्हणजे ग्लायडरचे कापडी पंख, कपाटात, माळ्यावर, नाहीतर गाडीच्या डिकीत जाऊन पडतात. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की त्यातल्या काही आमच्या तपासणीच्या टेबलावर येतात. गेल्या वर्षी एका बॅगेची चेन उघडली तर आधी कोंदट वास आला. पांढऱ्या कापडावर काळे ठिपके, आणि घडीत चिरडलेल्या नाकतोड्याभोवती पिवळट डाग. विंग जेमतेम ३० तास उडलेली.

बुरशीचे डाग निघत नाहीत, पण खरं नुकसान वेगळंच असतं. कापड नायलॉनचं आणि त्यावर पातळ लेप. दमट उकाड्यात घडी महिनोन्महिने पडून राहिली की हा लेप सुटायला लागतो, मग कापडातून हवा झिरपते. तो लेप परत चढवता येत नाही.

म्हणून आधी वाळू काढा. ती कप्प्यांतून सरकत मागच्या कडेला जाऊन बसते आणि प्रत्येक उड्डाणात शिवण घासत राहते. टोकाजवळ वेल्क्रोची झडप असेल तर ती उघडून झटका.

विंग समुद्रात पडली असेल तरच धुवा. पाण्याने भरलेली विंग लाइन्स (तिच्या दोऱ्या) धरून ओढू नका. मागची कड उचला, म्हणजे पाणी पुढच्या तोंडातून निघून जाईल. मग भरपूर गोडं पाणी, साबण नाही, ब्रश नाही, पिळणं तर नाहीच. (किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नळाचंच घ्या.) सावलीत, वाऱ्यावर वाळवा. शिवणी आणि लाइन्स उशिरा सुकतात, त्यामुळे हाताला कोरडी लागली तरी एक दिवस थांबा. रिझर्व्ह (आणीबाणीचा पॅराशूट) भिजला असेल तर तो उघडून, वाळवून, पुन्हा घडी घालूनच वापरायचा.

घडी सैल घाला, पुढच्या कडेच्या काड्या वाकवू नका, पट्टा आवळू नका. बॅग चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, पत्र्याखालीही नको; पंखा फिरतो त्या खोलीत खाटेवर ठेवा. सोबत डांबरगोळ्या किंवा झुरळांचा स्प्रे नको. जुलैत एखादा कोरडा दिवस मिळाला तर घरातच उघडून तासभर हवा द्या.

ऊनही तितकंच वाईट. वाऱ्याची वाट बघत विंग पसरून गप्पा मारायची सवय आपल्याकडे फार आहे. तेवढा वेळ ती गोळा करून सावलीत ठेवा.

लाइन्सचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. डायनीमा या बळकट कृत्रिम धाग्याच्या लाइन्सपैकी मागच्यांवर भार कमी असतो, त्या हळूहळू आखडतात. मागची कड खाली ओढली जाते, विंग मंदावते आणि स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून उडेनाशी होण्याच्या, जवळ जाते. पायलटला वाटतं, आज वाराच पडलाय. मोजल्याशिवाय हे कळत नाही. कंपन्या ठरावीक काळाने किंवा ठरावीक तासांनी तपासणी सांगतात. तुमच्या विंगच्या मॅन्युअलमध्ये असेल ते धरा. लाइनचा सुटलेला धागा लायटरने जाळू नका, डायनीमा साधारण १४५ अंशांनाच वितळतो.

आमच्याकडे विंग आणताना ती कोरडी आणा. आणि समुद्रात पडली असेल तर सांगून टाका. रागावणार नाही, पण शिवणीत मीठ आम्हाला सापडतंच.