अकरावी थाळी आणि रसाचा एक थेंब

बायर्न म्युनिकनं २०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षं जर्मनीची फुटबॉल लीग, म्हणजे बुंडेसलीगा, जिंकली. विजेत्याला चांदीची मोठी थाळी मिळते. तिथले लोक तिला लाडानं ‘सॅलडचं भांडं’ म्हणतात. थाळी घेऊन खेळाडू मारीएनप्लाट्झ चौकातल्या टाउन हॉलच्या सज्जात येतात आणि खाली गर्दी नाचते. माझा भाचा म्युनिकलाच नोकरी करतो, कट्टर बायर्नवाला आहे. २०२२ मध्ये दहाव्या थाळीचा जल्लोष होता त्या दिवशी मी त्याला फोन केला, तर म्हणाला, “नाही गेलो चौकात, मामा. घर आवरतोय.” आमच्याकडे लगेच निकाल लागला: जिंकून जिंकून माजलेत हे लोक!

मला तो निकाल पटला नाही. भाच्याच्या बाजूनं साक्ष द्यायला माकडं आहेत.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशींजवळ अतिशय बारीक तारा घालून त्यांचे विद्युत ठोके मोजले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात कडकडायच्या. मग त्यानं रसाच्या थोडं आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत माकडाला कळलं की दिवा म्हणजे रस. आता पेशी दिवा लागताच कडकडू लागल्या आणि रस मिळाला तेव्हा ढिम्म राहिल्या. रस तोच, गोडीही तीच. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर? ज्या क्षणी तो मिळायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे संथ ठोकेही थांबले. जे घडलंच नाही, त्याची वेळ मेंदूनं टिपून ठेवली होती! हे आलेख मी पहिल्यांदा पाहिले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

याचा अर्थ १९९७ साली शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी मांडला. या पेशी बक्षीस मोजत नाहीत, त्या अंदाजातली चूक मोजतात. चूक म्हणजे जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा. म्हणून डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं मला खटकतं. त्याहून वाईट म्हणजे ‘डोपामिन डिटॉक्स’ची विक्री. डोपामिन हे काही उपवासानं धुऊन काढायचं विष नव्हे. ते बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की माणसाला पार्किन्सन्स होतो, साधं पाऊल उचलणंही कठीण होतं.

आता थोडं गणित करू. शाळेतल्या वजाबाकी-गुणाकाराच्या पुढे ते जात नाही. नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक चुकेचा काही भाग. तो भाग आपण निम्मा धरू आणि विजेतेपदाला १ गुण देऊ. सुरुवातीची अपेक्षा ०. पहिल्या वर्षी चूक १, अपेक्षा होते १/२. दुसऱ्या वर्षी चूक १/२, तिसऱ्या वर्षी १/४. दहाव्या वर्षी ती १/५१२ उरते. माझा भाचा त्या ५१२व्या हिश्शासाठी घराबाहेर पडला नाही.

या हिशेबानं अकराव्या वर्षी १/१०२४ उरायला हवं होतं. प्रत्यक्षात २७ मे २०२३ ला त्यानं फोनवर इतकी आरडाओरड केली की मला शब्दच कळेनात. कारण खरा मेंदू वर्षातून एकदा हिशेब करत नाही, तो क्षणाक्षणाला करतो. हंगामाच्या शेवटच्या दिवशी प्रतिस्पर्धी संघ डॉर्टमुंड दोन गुणांनी पुढे होता, त्यामुळे बायर्नवाल्यांची अपेक्षा आधीच खाली आलेली. तिकडे डॉर्टमुंड घरच्या मैदानावर माइन्झविरुद्ध ०-२ नं मागे पडलं आणि ती वर चढली. मग बायर्नच्या सामन्यात ८१व्या मिनिटाला कोलोननं पेनल्टीवर बरोबरी साधली, पुन्हा तळाला. ८९व्या मिनिटाला जमाल मुसियालाचा गोल! डॉर्टमुंडची लढत २-२ सुटली, दोघांचे गुण ७१-७१, आणि थाळी गोलफरकावर म्युनिकला. दहा वर्षांची सवय असूनही त्या एका गोलाच्या क्षणी चूक जवळपास पूर्ण १ होती. डॉर्टमुंडच्या स्टेडियममधल्या ऐंशी हजारांपैकी बहुतेकांसाठी ती तेवढीच उणे होती: दिवा लागला होता, रस आला नाही.

स्टेडियममध्ये कुणाच्या डोक्यात तारा घालता येत नाहीत, त्यामुळे माझी ही आकडेमोड म्हणजे रेखाचित्र आहे, छायाचित्र नव्हे. पण या चाचण्या माणसांवर एमआरआय यंत्रात झाल्या आहेत आणि मेंदूतल्या बक्षिसाशी निगडित भागांत हीच वजाबाकी दिसते.

हीच यंत्रणा ‘लकी जर्सी’ही जन्माला घालते. मेंदू रसाआधी जे काही घडलं त्याला दिवा समजतो. वर्षानुवर्षं बहुतेक सामने जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्यानं कुठलाही सदरा घातला तरी तो शुभच ठरणार. भाच्याच्या कपाटात असा एक सदरा आहे. २०२४ मध्येही तो अंगात होता. त्या वर्षी लेव्हरकुझेन एकही सामना न हरता पहिल्यांदा विजेतं झालं आणि बायर्न तिसरं आलं.

त्या एका अपयशानं आपल्या गणितात काय केलं पाहा. अपेक्षा जवळजवळ १ होती, मिळालं ०, म्हणजे चूक उणे १. तिचा निम्मा भाग वजा केला की अपेक्षा साधारण १/२ वर येते. म्हणजे पुढच्या विजेतेपदाची चूक पुन्हा १/२, २०१४ च्या दुसऱ्या थाळीइतकी! ते विजेतेपद ४ मे २०२५ ला आलं, तेही बायर्न मैदानात नसताना, लेव्हरकुझेननं फ्रायबुर्गशी २-२ बरोबरी केल्यामुळे. या वेळी भाचा चौकात गेला.

त्याच संघात हॅरी केन होता. इंग्लंडमध्ये टॉटेनहॅमसाठी गोलांचा पाऊस पाडूनही त्याच्या हाती एकही मोठा चषक लागला नव्हता. २०२३ मध्ये तो म्युनिकला आला आणि नेमकं पुढच्याच वर्षी बायर्नची माळ तुटली. २०२५ ची ही थाळी त्याचं पहिलं मोठं विजेतेपद. तीच थाळी भाच्यासाठी १/२ होती आणि केनसाठी पूर्ण १.